राजकन्या मान खाली घालते

आंग मो किओ, सिंगापूर
१२ जुलै २०१४

चि. मधू,

पाकिटावर 'सौ. सुलेखा' लिहिलं आहे, कारण तुमच्या गावच्या पोस्टमनला मधुमती कोण हे ठाऊक नाही. आत मात्र मी माझंच नाव वापरणार. ते मी ठेवलेलं आहे, आणि लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने दुसरं नाव लिहिलं म्हणून वीस वर्षांत माझ्या जिभेला ते वळलेलं नाही.

दर रविवारी तुझा फोन येतो तेव्हा सारंग तो स्पीकरवर टाकतो. अनघा पोळ्या लाटता लाटता बोलते, निहारिका 'हाय आत्या' करून पळते, आणि मग तू मला विचारतेस, "जेवलात का बाबा?" मी म्हणतो, जेवलो. झालं आपलं बोलणं. म्हणून हे पत्र. तुझ्या भावाने मला टॅबलेट आणून दिला आहे, पण त्यावर बोट ठेवलं की भलतंच काहीतरी उघडतं. शिवाय कागदावर लिहिलेलं स्पीकरवर जात नाही.

बातमी अशी की तुझा बाप नाटककार झाला. इथल्या मराठी मंडळाला गणपतीत नाटक बसवायचं आहे. कुणीतरी म्हणालं, सारंगचे वडील इतिहासाचे मास्तर होते. मी आढेवेढे घ्यायच्या आतच हो म्हणून बसलो. ब्लॉकखालच्या बाकावर बसून चिनी म्हाताऱ्यांचे पटाचे डाव बघण्यापेक्षा हे बरं. ते तरी मला कुठे खेळायला घेतात!

विषय लायब्ररीत सापडला. आपल्याकडे देवगिरीला यादव राज्य करत होते, त्याच काळात इकडे व्हिएतनामच्या किनाऱ्यावर चंपा नावाचं हिंदू राज्य होतं. राजाचं नाव जयसिंहवर्मन. शेजारच्या दाई वियेत राज्याशी त्यांचं पिढ्यानपिढ्यांचं वैर. मग दाई वियेतच्या राजघराण्यातली मुलगी, हुयेन त्रान, चंपाला दिली. चंपाने त्या बदल्यात दोन प्रांत सोडले. सासरी तिचं नाव ठेवलं परमेश्वरी. आहे की नाही विषय? एका मुलीने दोन राज्यांची भांडणं मिटवली. नाटकाचं नाव 'चंपाची परमेश्वरी', आणि मुलीच्या बापाचं काम मी स्वतः करणार आहे.

हे सगळं तुला का सांगतोय ते कळलंच असेल. तुझ्या लग्नाने आपल्या शिक्षणसंस्थेतली दोन गटांची भांडणं मिटली. तुझ्या सासऱ्यांनी, अण्णासाहेबांनी, आपलं हायस्कूल बंद करून त्यांच्या गावी न्यायचा बेत सोडला आणि बावीस शिक्षक घरी बसायचे राहिले. हे मी कधी तोंडाने बोललो नाही, पण मला तुझा अभिमान आहे. नाटक तुलाच अर्पण करणार.

आणि आईवरचा राग आता सोड बाई. तिला जाऊन तीन वर्षं झाली. गेलेल्या माणसाशी किती दिवस अबोला धरायचा?

तुझा,
बाबा

आंग मो किओ
२७ जुलै २०१४

चि. मधू,

काल तालीम झाली आणि डोकं फिरून घरी आलो. बुकित तिमाहला एकाच्या कॉन्डोत खाली मोठी खोली मिळते, तिथे तालमी होतात. राजकन्येच्या कामाला चैत्राली म्हणून एक मुलगी आहे. पुण्याची, इथल्या युनिव्हर्सिटीत माशांच्या मेंदूवर संशोधन करते. हुशार आहे, म्हणजे डोक्याला ताप आहे.

वाचन सुरू व्हायच्या आधीच म्हणाली, "काका, माझे संवाद पाठवायचे राहिले का?"

"सगळं स्क्रिप्ट पाठवलंय की."

"त्यात माझं एकही वाक्य नाहीये."

मी म्हटलं असं कसं होईल. पानं उलटली. राजाचं, म्हणजे माझं, भाषण दीड पानांचं. प्रधानाला भरपूर. चंपाच्या वकिलालाही बरंच. आपली निहारिका दासी झाली आहे, तिलासुद्धा तीन वाक्यं. राजकन्येचे प्रवेश चार, आणि लग्न ठरण्याच्या प्रवेशात तिच्यासाठी कंसात एवढंच लिहिलेलं: राजकन्या मान खाली घालते.

निहारिका लगेच म्हणाली, "आजोबा, आय हॅव थ्री लाइन्स, शी गॉट झीरो. नॉट फेअर लाह!"

सगळे हसले. मी म्हटलं, "अगं, त्या काळी मुली असं चारचौघांत बोलत नसत. मान खाली घातली म्हणजे होकार."

"किंवा मान खाली घातली, एवढंच," चैत्राली म्हणाली. भांडून नाही, अगदी साधेपणाने. माशांकडे ती असंच बघत असेल. त्यानंतर तालीम काही रंगली नाही. परतताना एमआरटीत सारंग म्हणाला, "बाबा, द्या ना तिला दोन वाक्यं, काय बिघडतंय?" मी दारावरच्या नकाशातली स्टेशनं मोजत बसलो.

तूच सांग आता. तुझ्या बैठकीला मी म्हटलं, "मुलगी आमच्या शब्दाबाहेर नाही," आणि तूही मान खाली घातलीस. काही बोलली नव्हतीस. नको असतं तर बोलली असतीस की नाही? आणि वाईट काय झालं? श्रीनिवासराव भले गृहस्थ आहेत हे तूच म्हणतेस. हल्लीच्या मुलींना प्रत्येक गोष्टीत आपला संवाद हवा असतो.

कळव. तुझं मत मला चैत्रालीच्या तोंडावर फेकायचं आहे.

तुझा,
बाबा

आंग मो किओ
१० ऑगस्ट २०१४

चि. मधू,

काल इथला राष्ट्रीय दिन होता. विमानं घरावरून गेली, निहारिकाने गालावर झेंडा रंगवला. मी सकाळी लायब्ररीत जाऊन ते पुस्तक पुन्हा वाचलं. त्या मुलीचं एखादं वाक्य कुठे मिळतं का ते बघायला. मिळालं नाही.

तिच्या बापाची हकिकत मात्र नीट वाचली. मी पहिल्यांदा घाईने वाचली होती. लग्न ठरवलं तेव्हा तो गादीवरही नव्हता. मुलाला राज्य देऊन संन्यासी झाला होता. हिंडत हिंडत चंपाला गेला, महिनोन्‌महिने पाहुणचार घेतला आणि निघताना राजाला म्हणाला, माझी मुलगी तुम्हाला देईन. ती तिकडे घरी. पाच वर्षांनी तिला पाठवलं. एक वर्षात नवरा गेला. तिला त्याच्याबरोबर चितेवर घालणार म्हणून भावाने प्रधान पाठवून समुद्रमार्गे परत आणली, असं पुस्तकात आहे. पुढे ती भिक्षुणी झाली. मी हे सगळं गाळून लग्नावरच पडदा पाडला होता. मंगलाष्टकं होतात, लोक उठून जेवायला जातात, तसा.

बापाची गंमत वाटते. सगळं सोडून निघालेला माणूस, आणि मुलगी देण्याचा हक्क तेवढा बरोबर घेऊन निघाला.

तुला एक सांगितलेलं नाही. मी अण्णासाहेबांकडे पहिल्यांदा गेलो तो शाळेसाठी भांडायला. मे महिना होता, त्यांनी आग्रहाने जेवायला बसवलं. आमरस वाढला. त्यांनी सहज विषय काढला की श्रीनिवाससाठी बघतोय, आणि हात धुता धुता मी म्हणालो, "आमची मधू आहे की." घरी पोचेपर्यंत तुझ्या आईलाही याचा पत्ता नव्हता. ती ऐकून एवढंच म्हणाली, "अहो, तिला विचारलंत?"

राजकन्येचं वाक्य लिहायला बसतो. जे लिहितो ते माझ्याच आवाजात येतं. 'पित्याच्या आज्ञेत माझं कल्याण' वगैरे. चैत्रालीला दाखवायची सोय नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तू काही बोलली नव्हतीस. ते फार मनावर घेऊ नकोस. म्हातारा माणूस काहीबाही लिहितो.

बाबा

आंग मो किओ
२१ ऑगस्ट २०१४

चि. मधू,

तुझं पत्र काल आलं. किती वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तू लिहितेस:

"बाबा, मी बोलले नव्हते हे खरं. पण मी तुम्हाला चिठ्ठी लिहून आईकडे दिली होती. आईने ती तुमच्यापर्यंत येऊ दिली नाही. तुम्ही वाचली असतीत तर मला नक्की विचारलं असतंत, हे मला माहीत आहे. एवढ्या एका विश्वासावर मी इथे रुळले. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमचा यात काही दोष नाही."

खाली सही 'सुलेखा'.

मी हे चार वेळा वाचलं. अनघाने विचारलं, "ताईंकडे सगळं ठीक ना?" मी म्हटलं, ठीक. आता जे लिहितो ते वाचून तू मला पुन्हा कधी 'जेवलात का' विचारणार नाहीस अशी मला भीती वाटते. दहा दिवसांपूर्वी मी ते लिहायला बसलो होतो आणि म्हातारपणाचं निमित्त करून पळालो. पण तू मला निर्दोष म्हणालीस, त्यामुळे आता पळता येत नाही.

आईने चिठ्ठी दिली होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी पेपर तपासत बसलो होतो. ती चहा घेऊन आली. कप माझ्या हातात दिला नाही. बशीखालून चिठ्ठी काढून समोर ठेवली आणि म्हणाली, "आधी हे वाचा, मग चहा." मी वाचली. ती उभी होती. म्हणाली, "आत्ताच बोलवू तिला?" मी म्हटलं, "सकाळी विचारतो." सकाळी पाहुणे लवकर आले, असं मी स्वतःला वीस वर्षं सांगत आलो. पाहुणे अकराला आले. मी साडेपाचला उठलो होतो.

हायस्कूलचा प्रश्न होता, बावीस घरं होती, हे खरंच होतं. पण त्यासाठी तुला विचारायला काय हरकत होती? तू नाही म्हणशील याची हरकत होती. विचारलं नाही की नकार ऐकावा लागत नाही, एवढा साधा हिशेब मी केला.

मग पहिल्या दिवाळीला तू आलीस. ओसरीवर मला विचारलंस, "बाबा, माझी चिठ्ठी वाचली होतीत?" मी म्हणालो, "कुठली चिठ्ठी?"

तुझी आई तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं. तू तिच्याकडे वळून बघितलंस, ते मला अजून दिसतं. ती काहीच बोलली नाही. हाताचं पीठ झटकत आत गेली. तुला वाटलं, अपराधी आहे म्हणून गप्प आहे.

तू परत गेल्यावर मी तिला म्हटलं, मी पत्र लिहून कळवतो तिला. तुझी आई म्हणाली, "राहू द्या. तिला माहेरात एक तरी माणूस आपलं वाटू द्या. माझ्यावर रागावली तर तुमच्याकडे येईल. दोघांवर रागावली तर कुणाकडे जाईल?" मी ते पटवून घेतलं. मला सोयीचंच होतं. तिचा अंदाज होता की वर्ष-दोन वर्षांत तुझा राग निवळेल. सतरा वर्षं निवळला नाही. सतरा वर्षं तू मला पत्रं पाठवलीस, मला स्वेटर पाठवलेस, आणि तिला फक्त 'आईस नमस्कार'. ती ती ओळ रोज देवघरात वाचायची.

हॉस्पिटलात तू एक दिवस आलीस. खाटेशी बसलीस, तिच्या पायावरची चादर नीट केलीस, बोलली नाहीस. तिचं बोलणं गेलेलं होतं. ती एकसारखी माझ्याकडे बघत होती, सांगा आता, म्हणून. मी म्हणालो, शहाळं घेऊन येतो. खाली जाऊन रांगेत उभा राहिलो. वर आलो तेव्हा तुझी गाडी गेली होती. दोन दिवसांनी तुझी आई गेली. माझ्या हातून घडलेल्या सगळ्यात हे मला सर्वांत वाईट वाटतं, लग्नापेक्षाही.

सोबत तुझी चिठ्ठी पाठवतो आहे. ती मी फाडली नव्हती. शाळेच्या डायरीत ठेवली, डायरी ट्रंकेत, ट्रंकेतून सिंगापूरला. का सांभाळली विचारशील तर माहीत नाही. तू नीट बघ, मागे चहाच्या बशीचा गोल डाग आहे. ती पोचली होती. तुझ्या आईने तुला फसवलं नाही.

बाबा

आंग मो किओ
७ सप्टेंबर २०१४

चि. मधू,

मागच्या रविवारी तुझा फोन आला. "जेवलात का बाबा?" म्हणालीस, त्यावरून समजलो की माझं पत्र अजून वाटेत आहे. मी जेवलो म्हणालो. नंतर न राहवून म्हटलं, "तू जेवलीस का?" तू हसलीस आणि म्हणालीस, "हे काय नवीन?" मग बराच वेळ मी फोनजवळच बसून राहिलो.

आज रविवार. फोन आला नाही. सारंग म्हणतो, ताई कुठेतरी गेली असेल. मला माहीत आहे की पत्र पोचलं.

काल नाटक झालं. मी तुझं वाक्य वापरलं. तुझी परवानगी न घेता वापरलं, बघ, सवय जात नाही. लग्न ठरण्याच्या प्रवेशातला तो कंस काढला आणि तिथे तुझ्या चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य घातलं. चैत्रालीने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, हे तुम्ही लिहिलेलं नाही." मी म्हटलं, नाही.

रंगमंचावर मी राजाच्या वेषात, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. चंपाच्या वकिलाला शब्द देऊन झाला. आता माझं दीड पानांचं भाषण. चैत्राली पुढे आली, मान वर करून म्हणाली, "महाराज, तुम्ही सांगाल तिथे मी जाईन, पण एकदा मला विचारा."

मला पुढचं एक अक्षर आठवेना. चाळीस वर्षं वर्गात उभं राहून बोललेला माणूस मी. निहारिका विंगेतून ओरडून आठवण करून देत होती, "आजोबा, प्रजाजन! प्रजाजन!" मी तसाच उभा. शेवटी चैत्रालीनेच माझा हात धरून मला आत नेलं आणि त्यांनी पडदा पाडला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, असंच बसवलंय. एक बाई येऊन म्हणाल्या, "काका, काय अभिनय केलात!" शाळा वाचली तेव्हा शाल-नारळ घेतला होता, तसाच हाही सत्कार मी गुपचूप घेतला.

नाटक तुला अर्पण केलं नाही. कुठल्या तोंडाने करणार?

बाबा

आंग मो किओ
१३ सप्टेंबर २०१४

चि. मधू,

काल सारंग ऑफिसातून आला तो सरळ माझ्या खोलीत. म्हणाला, "बाबा, ताईचा फोन होता. आईचा फोटो मागितलाय. अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला बोलावतेय म्हणाली." मी थांबलो, अजून काही म्हणाली का म्हणून. तो म्हणाला, "तुमचं काही विचारलं नाही तिने. काय झालंय तुमच्यात?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. रागावला नाही, निदान तोंडावर नाही. उठून हॉलमध्ये गेला, स्टूल घेतलं आणि भिंतीवरून फोटो काढला. काच पुसताना म्हणाला, "आई मला एकदा म्हणाली होती, मधूचं अक्षर अजून तसंच आहे रे. मला वाटलं, सहज म्हणतेय." अनघाने फोटो तिच्या जाड शालीत गुंडाळला. सारंगच्या ऑफिसातला एक जण उद्या पुण्याला निघाला आहे, त्याच्याकडे देतोय. पुढे बसने कोणीतरी आणून देईल. नवमीच्या आत पोचेल.

हाच फोटो का, तर दुसरा चांगला नाही. हा तुझ्या लग्नातला आहे. अण्णासाहेबांच्या फोटोग्राफरने काढलेला. त्यात ती बाजूला कुठेतरी बघते आहे, म्हणून आपण कायम म्हणायचो, फोटो काढताना हिला समोर बघता येत नाही. ती तुझ्याकडे बघत होती. तू पाटावर बसली होतीस आणि तांदळात नाव लिहून होत होतं. मी तिच्या शेजारी होतो, फोटोत मावलो नाही.

पानात तिला अळूची भाजी वाढ. चिंच थोडी जास्त. तुला माहीत असेलच म्हणा.

तू माझ्याबद्दल विचारलं नाहीस, बरोबर केलंस. तिने सतरा वर्षं सोसलं, मला आठवड्याभरात धीर सुटून कसं चालेल? सारंग म्हणाला, मी ताईशी बोलू का, समजावू का? मी त्याला नको म्हटलं. या घरात तुझ्या वतीने दुसऱ्यांनी पुरेसं बोलून झालं आहे.

पण हे पत्र फोटोबरोबर ठेवतोय ते एवढ्यासाठी. एकदा मला विचारा, असं तू लिहिलं होतंस. वीस वर्षं उशीर झाला, तरी विचारतो. मी तुला लिहीत राहू का? आणि लिहिलं तर कुठल्या नावाने लिहू, तेही तूच सांग. मी गृहीत धरणार नाही. तू गप्प राहिलीस तर त्याचा अर्थ होकार आहे असं मी कुणाला सांगणार नाही.

आणि तुझं उत्तर 'नाही' असेल तर दोन अक्षरांची चिठ्ठी पाठव. कुणी विचारलं तर मी सांगेन, हो, पोचली. मी वाचली.

बाबा